दर्या, दऱ्या आणि दुसऱ्याचं दार

काकांनी वही माझ्यापुढे सरकवली तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. म्हापशाच्या बाजारामागच्या त्या गल्लीत पागोळ्या अजून गळत होत्या. शुक्रवार होता, त्यामुळे सुकी मासळी, भिजलेलं गोणपाट आणि जाईचे गजरे असा सगळा वास एकत्र होऊन खिडकीतून आत येत होता. वही दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलांची असते तशी. आत पट्टीने आखलेले तीन रकाने होते. पहिल्यात चुकलेला शब्द, दुसऱ्यात बरोबर शब्द, तिसऱ्यात 'कसे चुकले असावे'. पहिल्याच ओळीत 'दऱ्या', त्यासमोर 'दर्या', आणि तिसऱ्या रकान्यात काकांच्या ठाशीव अक्षरात लिहिलेलं: 'इथे रफारच होता. मीच टाइप केला आहे.' मी पानं उलटत गेले. चारशेच्या वर नोंदी होत्या. शेवटच्या पानांवर शाई बदललेली होती, मधे कुठेतरी पेन संपलं असावं.

आम्ही चौघं-पाचजण मिळून एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. जुन्या डीटीपी फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणतो. त्यात होणाऱ्या चुका काकांनी वहीत उतरवल्या होत्या. प्रोग्रॅम मुक्त आहे. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढे द्यावा. त्याचा सगळा कोड एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, जगातलं बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर असतं तसाच. त्यामुळे वही बघून मी सहज म्हणाले, "काका, हे तिथेच टाका ना. खातं उघडलं की प्रत्येक चुकीची वेगळी नोंद करता येते, आम्हाला लगेच कळतं." काकांनी मान हलवली. तो प्रयत्न त्यांनी केला होता. नातवाच्या फोनवर बसून एक अख्खी संध्याकाळ. आधी सगळं इंग्रजीत, मग चित्रांची कोडी, मग ईमेलवर आलेला आकडा, मग पुन्हा दुसऱ्या पडताळणीसाठी आणखी काहीतरी. तिथे नातू कंटाळला आणि काका थांबले. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, तुमचा प्रोग्रॅम मोकळा, असं तूच सांगितलंस. मग त्यातला एक शब्द सुधारायला मला त्या कंपनीचं गिऱ्हाईक व्हावं लागतं, ते कित्याक?"

मी म्हणाले, "सगळे तिथेच आहेत, काका."

"हं," म्हणाले, आणि कपात चहा ओतायला लागले.

परतताना बसमध्ये, पर्वरीचा चढ येईपर्यंत, तो 'हं' माझ्या कानात होता.

काका वयाच्या सोळाव्या वर्षी छापखान्यात लागले. जुळारी म्हणून, म्हणजे सुट्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर बसवणारे. खिळ्यांच्या केसमध्ये कुठल्या खणात अर्धा श आणि कुठल्या खणात जोडाक्षरातला द्य, हे त्यांचा हात डोळ्यांच्या आधी ओळखायचा. मग १९९० नंतर कधीतरी मालकाने संगणक आणला आणि खिळे भंगारात गेले. त्या संगणकाच्या मागच्या बाजूला, प्रिंटरच्या वायरीच्या जागी, काडेपेटीएवढा एक ठोकळा बसवायचा असे. त्याला सगळे 'लॉक' म्हणत. तो नसला तर मराठी टायपिंगचं पॅकेज उघडायचंच नाही. पॅकेजपेक्षा लॉक महाग, कारण हरवलं तर पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागे. मालक रात्री ते काढून गल्ल्यात ठेवी आणि गल्ल्याची किल्ली घरी नेई. एका वर्षी चवथीच्या तोंडावर लॉक बिघडलं. तीन गावांच्या आरत्यांची पुस्तकं अडकली. बटर पेपरवर प्रिंट काढायची म्हणून यंत्रावरचा माणूस बसून, मजकूर संगणकात बसून, आणि पुण्याहून दुरुस्त ठोकळा येईपर्यंत सगळे नुसते एकमेकांकडे बघत राहिलेले. काका सांगतात, त्या चार दिवसांत त्यांनी पहिल्यांदा खिळ्यांची आठवण काढली. खिळा झिजायचा, तुटायचा, पण तो कुणाला विचारून उठायचा नाही.

माझ्या बाबांचा एक लेख त्या संगणकावर टाइप झाला होता. पेडण्यातल्या आमच्या गावच्या देवळाच्या उत्सवात नाटकं होत. बाबा त्यात तीसेक वर्षं उभे राहिले आणि मग एका स्मरणिकेसाठी त्यांनी त्यावर आठ पानं लिहिली. स्मरणिकेची प्रत आमच्याकडे राहिली नाही, पावसात घराची एक भिंत ओली राहायची आणि वाळवीने कपाट खाल्लं. बाबा गेल्यावर मी छापखान्यात चौकशी केली. छापखाना बंद झाला होता, पण काकांनी सीड्या जपून ठेवल्या होत्या, तांदळाच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून. मी ती फाईल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. काहींच्या डोक्यावर टोप्या, काहींच्या खाली शेपट्या, मधेच एखादं पौंडाचं चिन्ह. आठ पानं तशीच. फाईल धडधाकट होती, एकही अक्षर हरवलं नव्हतं, आणि त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं. त्या काळी प्रत्येक कंपनीने देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या मर्जीने बसवले होते आणि तो तक्ता आपल्यापाशी ठेवला होता. फाँट गेला की मजकूर मुका.

तक्ता काकांच्या बोटांत होता. मी त्यांना विचारलं, अमुक चिन्ह म्हणजे काय, तर त्यांना तोंडाने सांगता येईना. त्यांनी टेबलावरच्या मेणकापडावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि 'श्री' टाइप केलं. हवेतच. मग 'क्षेत्र'. मग 'ज्ञानेश्वर'. कुठलं बोट कुठे जातं ते मी बघत होते आणि लिहून घेत होते. काही आकार कळफलकावर नव्हतेच. तिथे ते डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून उजव्या हाताने चार आकडे मारायचे. ते आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. 'द्ध'ला अडले. तेव्हा उठले, आतल्या खोलीत गेले, हात पाठीमागे बांधून एक फेरी मारली आणि परत येऊन न बसताच चार आकडे सांगितले. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे दीडशेच्या वर आकार जमले. प्रोग्रॅमची सुरुवात ही. आठवड्याभराने बाबांच्या लेखाची पहिली ओळ पडद्यावर आली तेव्हा मी ती मोठ्याने वाचू शकले नाही.

ओळ अशी होती: 'दर्याची गाज ऐकत आम्ही तालमी केल्या.'

आता तीच ओळ आमच्याच प्रोग्रॅममधून 'दऱ्याची गाज' होऊन बाहेर येत होती. हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण माझी सगळी अस्वस्थता या एका र मध्ये आहे. मराठीत य किंवा ह च्या आधी आलेला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. सूर्य, कार्य, दर्या यांत तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्या, गोऱ्या, गिऱ्हाईक यांत तो पुढच्या अक्षराला आडवा बिलगतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. काही जुन्या फाँटांत हा आडवा र नव्हताच, किंवा टाइप करणाऱ्याला सापडत नसे, मग 'दुसऱ्या'च्या जागी 'दुसर्या' पडे. म्हणून आम्ही एक नियम घातला होता: शब्दात 'र्या' दिसलं की ते 'ऱ्या' कर. आणि ज्यांना हा नियम लावायचा नाही अशा शब्दांची यादी केली होती: भार्या, चर्या, दिनचर्या, आर्या. 'दर्या' त्या यादीत होता. मीच घातला होता. मग तो गेला कुठे?

जुने बदल शोधणं अवघड नसतं. कोडमधले बदल सांभाळायला आम्ही गिट नावाचं हत्यार वापरतो, त्यात प्रत्येक बदलाची तारीख, वेळ, माणूस सगळं राहतं. 'दर्या' यादीतून काढल्याची नोंद पाच मिनिटांत सापडली. बदल करणारा आमच्यातलाच एक, पुण्याचा, अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा मुलगा. सोबतच्या टिपणीत दोन शब्द होते: 'यादी दुरुस्त', आणि पुढे, 'चर्चेनुसार'.

चर्चा मात्र कुठेच नव्हती. सुरुवातीची दोन वर्षं आमचं बोलणं एका कंपनीच्या गप्पांच्या ॲपवर चालायचं. फुकट होतं, सोपं होतं, फोनवर चालायचं. मग कंपनीने फुकट वापरणाऱ्यांसाठी नियम बदलले आणि जुने संदेश झाकले गेले. पैसे भरा, मग दिसतील. तेव्हा आम्ही फार मनावर घेतलं नाही. गप्पाच तर आहेत, म्हणालो, कोड सुरक्षित आहे. पण 'का' हे गप्पांत होतं. कदाचित त्या मुलाला घाटावरच्या कागदपत्रांत 'दऱ्या' जास्त दिसल्या असतील आणि कुणीतरी, कदाचित मीच, घाईत हो म्हटलं असेल. त्यालाही आठवत नाही, मलाही नाही. गोव्यात ज्याला रोजच्या बोलण्यात दर्या म्हणतात तो शब्द आमच्या यादीतून गेला, आणि तो का गेला हे समजण्याची सोय आम्ही आपल्या हाताने दुसऱ्याच्या गल्ल्यात ठेवली होती. ज्या लॉकमुळे बाबांचा लेख मुका झाला त्याला उत्तर म्हणून सुरू केलेलं काम, आणि त्याचीच ही गत. मला याची शरम वाटली. अजूनही वाटते.

ही चूक आमच्याहून कितीतरी मोठ्या माणसांकडून झालेली आहे. २००२ मध्ये लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याचं काम बिटकीपर नावाच्या, कोडमधले बदल सांभाळणाऱ्या बंद हत्यारावर गेलं. कंपनीने ते लिनक्सवाल्यांना फुकट दिलं होतं, अट एवढीच की जो वापरेल त्याने तशा प्रकारचं दुसरं हत्यार बनवायचं नाही. अनेकांनी तेव्हाच विरोध केला. पण हत्यार चांगलं होतं, आणि लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याचं म्हणणं साधं होतं: काम होतंय ना? तीन वर्षं झालंही. मग सांबा हा मुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने बिटकीपरच्या सर्व्हरशी स्वतःहून बोलून बघितलं. कसं, ते त्याने नंतर कॅनबेरातल्या एका परिषदेत सगळ्यांसमोर करून दाखवलं: सर्व्हरला टेलनेट या साध्या प्रोग्रॅमने जोडून घेतलं आणि 'हेल्प' असं टाइप केलं. सर्व्हरने आज्ञांची यादी दिली. कंपनी रागावली आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट वापर बंद करत असल्याचं जाहीर झालं. टोरवाल्ड्सने ३ एप्रिलला नवं हत्यार लिहायला घेतलं, ७ तारखेला ते स्वतःचाच कोड सांभाळायला लागलं. ते गिट. ही गोष्ट नेहमी विजयाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण ती वाचताना मला आता ट्रिजेल आठवत नाही, काका आठवतात, मेणकापडावर डोळे मिटून 'द्ध' शोधणारे. दोघांनीही बंद पेटीतून आपल्याच माणसांचं काम बाहेर काढलं. फरक एवढाच की टोरवाल्ड्स चार दिवसांत नवं हत्यार लिहू शकतो. आमच्यासारख्या चौघांनी काय करायचं?

गिट आलं तेव्हा वाटलं होतं, आता हा प्रश्न मिटला. प्रत्येकाच्या संगणकावर कोडचा पूर्ण इतिहास, कुणी एकाने दार लावलं तरी काही अडत नाही. पण मग गिटभोवती घरं उभी राहिली, कोड ठेवायची संकेतस्थळं, आणि ती घरं कंपन्यांची. कोड प्रत्येकाकडे असतो. चुकांच्या नोंदी, त्यांखालचं बोलणं, कोण काय म्हणालं आणि का, हे घरमालकाकडे. मालक बदलतात. गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या लोकांच्या खात्यांवर तिथे बंधनं आली. सार्वजनिक कोड दिसत राहिला, खासगी भांडारं अडकली. इराणसाठी परवानगी मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. कंपनीला कायदा पाळावाच लागतो, हे मला समजतं. पण तेहरानमधल्या मुलीने लिहिलेला मुक्त प्रोग्रॅम कुणाच्या कायद्याखाली राहतो, हा प्रश्न तिला त्या दिवसापर्यंत पडलाच नसेल. काकांना मात्र खातं उघडायच्या आधीच पडला होता.

दुसरी बाजू मी रोज जगते, म्हणून ती हलकी करून सांगणार नाही. आमच्या प्रोग्रॅमला सगळ्यात उपयोगी बदल पाठवणारी मुलगी सावंतवाडीची. ती आम्हाला त्या मोठ्या साइटवरच भेटली. शोधता शोधता आली, पहिल्या वेलांटीची चूक सुधारली आणि राहिली. आम्ही कुठल्या आडबाजूच्या सर्व्हरवर असतो तर ती आली नसती. तिला नोकरीच्या मुलाखतीत तिथलं आपलं पान दाखवता आलं, हेही खरं. चाचण्या तिथल्या यंत्रांवर फुकट चालतात. महिना तीनशे रुपयेसुद्धा कोण भरणार यावर आमच्यात वाद होतो. आणि आणखी मागे गेलं तर मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्पच दुसऱ्यांच्या युनिक्स या बंद कार्यप्रणालीवर लिहिला गेला. तो सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनची त्यामागची भूमिका स्पष्ट होती: ज्याला पर्याय लिहायचाय ते पर्याय होईपर्यंत वापरणं चालेल. मला ही भूमिका पटते. तिच्यात एक टोक आहे, कुठे जायचंय ते माहीत आहे. आमचं तसं नव्हतं. आम्ही कुठेच निघालो नव्हतो. सोय होती म्हणून राहिलो होतो.

माझं आजोळ चोडणचं. रायबंदरहून फेरीने पलीकडे गेलं की दोन्ही बाजूंना खाजन. मांडवीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेती, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. त्या बांधात एक मानस असते: लाकडी दारं बसवलेला दरवाजा. भरती आली की बाहेरचं पाणी दारं आतून लावून घेतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. माणसाला हात लावावा लागत नाही. शेतात कोरगुट, खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात. आणि मानशीजवळच्या पाण्यात मासळी, सुंगटं म्हणजे कोळंबी. ती धरायचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जायचा, आलेल्या पैशांतून बांधाची डागडुजी. व्यवस्था जुनी आणि शहाणी. ज्याला लिलाव मिळाला तो परका असला तरी चालत असे, कारण दार कधी उघडायचं आणि कधी नाही हे गाव सांगत असे.

माझी आजी मला लहानपणी मानशीवर न्यायची. लाकडाला शेवाळ, कालवांची धारदार कवचं, आणि दारं मिटताना एक जड, बुडाल्यासारखा आवाज. एका वर्षी, मी सातवीत असेन, ज्याच्याकडे मासळीचा हक्क होता त्याने भरतीला दारं उघडी ठेवली. जास्त खारं पाणी आत, जास्त सुंगटं. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात जाळी लागायची आणि सकाळी टोपल्या भरून पणजीला जायच्या. लोक त्याला काही बोलले नाहीत. पैसे वेळेवर देत होता, बांधाला दगड टाकत होता. पुढच्या पावसाळ्यात आजीच्या तुकड्यात भात पिवळं पडलं. तिने वाकून चिखल बोटाने उचलला, जिभेला लावला आणि थुंकला. पदराने तोंड पुसलं. त्यानंतर दोन वर्षं तिथे काही पिकलं नाही. खारट झालेली जमीन पुन्हा गोडी व्हायला पाऊसच लागतो, तोही एका हंगामाचा पुरत नाही. आजी त्या माणसाला कधी वाईट म्हणाली नाही. ती म्हणायची, मानशीवर आमच्यापैकी कुणीतरी जायला हवं होतं, रोज.

परक्याची हत्यारं वापरू नयेत, असं मला म्हणायचं नाही. मला त्या मानशीवर जायचं आहे, रोज.

गोव्यात मराठी छापण्याची गोष्टही हत्यारापाशीच अडलेली आहे. १५५६ मध्ये छपाईचं यंत्र इथे उतरलं, खरं तर ॲबिसिनियाला निघालेलं. तेवीस वर्षांनी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट आला, सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे नव्हते. त्याने १६०८ च्या पत्रात लिहून ठेवलंय की इथल्या लिपीला शेकडो साचे लागतात, युरोपासारखे चोवीस नाहीत. ओवी मराठी, कान मराठी, आणि अक्षरं यंत्राला जमतील ती. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमधून. १९०७ मध्ये मंगळूरला छापला तो हस्तलिखितांवरून, आणि नंतर लंडनच्या एका संग्रहात देवनागरीतली प्रतही सापडली. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "नकल करणाऱ्यांनी चुका केल्या असतील ना?" मी म्हटलं, पुष्कळ. "असू देत," ते म्हणाले. "चूक सुधारता येते. पान तर हातात आलं."

ज्या रविवारी आम्ही पाचही जण फोनवर बोललो त्या दिवशी बरीच वादावादी झाली. मी सगळंच हलवू म्हणत होते, जर्मनीत बर्लिनला नोंदलेली कोडबर्ग नावाची संस्था आहे, सभासदांच्या वर्गणीवर चालते, तिचं सॉफ्टवेअरही मुक्त आहे, तिथे जाऊ. पुण्याचा मुलगा म्हणाला, "ताई, तिथे गेलो तर आपल्याला कोण शोधणार?" सावंतवाडीची मुलगी शेवटपर्यंत काही बोलली नाही आणि मग म्हणाली, मी तिथूनच आले, हे विसरू नका. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. तेव्हा अर्धंच केलं. कोड आता दोन्हीकडे आहे. मोठ्या साइटवरच्या चुकांच्या सगळ्या नोंदी आणि त्यांखालचं बोलणं मी उतरवून साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलं, कोडच्याच शेजारी, म्हणजे जो प्रोग्रॅम घेईल त्याच्याकडे तेही जाईल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा उतरवते. ज्यांना खातं उघडायचं नाही ते ईमेल पाठवू शकतात, किंवा कागद. आणि 'कारणं' नावाची एक फाईल सुरू केली. यादीतला एखादा शब्द हलला की का हलला ते तिथे, मराठीत, पूर्ण वाक्यात. 'चर्चेनुसार' असं लिहायला बंदी आहे.

त्या फाईलची पहिली नोंद 'दर्या'ची.

काकांची वही टाइप करायला मला पाच रविवार लागले. प्रत्येक शब्द टाइप करताना तिसरा रकाना वाचायची आणि थांबायची, कारण त्यात नुसत्या चुका नव्हत्या. 'हा फाँट मालकाने दुसऱ्या छापखान्यातून आणला, त्यात ळ वेगळा होता.' 'इथे जागा कमी पडली म्हणून मी अनुस्वार उडवला, चूक माझी.' 'हा शब्द असाच आहे, लेखकाने हट्ट केला.' एका माणसाची चाळीस वर्षांची नोकरी त्या रकान्यात होती आणि ती चित्रांच्या कोड्यापाशी अडली होती. मी तिसरा रकाना जसाच्या तसा 'कारणं'मध्ये घातला.

मागच्या शुक्रवारी छापलेली पानं घेऊन गेले. काकांनी पानं खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. बाहेर मोयऱ्याच्या केळ्यांचे घड घेऊन एक बाई ओट्यावर टेकली होती. काकांनी लाल पेन काढलं आणि प्रूफ तपासताना करतात तसं समासात चिन्ह करत गेले, एकही शब्द न बोलता. चौतीस चुका निघाल्या, सगळ्या माझ्या टायपिंगच्या. शेवटच्या पानावर काम केलेल्यांची नावं होती. त्यांनी आपलं नाव बघितलं आणि त्यावर एक सरळ रेघ मारली.

"नाव नको, बाय. जुळारी, म्हापसा. एवढं पुरे."

मी लॅपटॉप उघडून तिथेच बदल केला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकले आणि बोट न टेकवता अक्षरावरून फिरवलं.

"री दीर्घ," ते म्हणाले. "बरोबर."